परमुलखाची कमाई आणि हुंडणावळ



शिरपूर जैनहून रिसोडच्या अंगाने दक्षिणेकडे निघाले म्हणजे पुढे पैनगंगा लागते. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मराठवाडा. आज नदी ओलांडताना कोणाच्या खिशातला पैसा बदलत नाही. पण तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुन्या गोष्टी सांगणारे कोणी असेल, त्यांनी हाली आणि कलदार हे दोन शब्द नक्की ऐकले असतील. वऱ्हाडात इंग्रजी अंमल होता, म्हणून इथे इंग्रज सरकारचा रुपया चाले. तो कळीवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला, म्हणून कलदार. पैलतीरी निजामाचे राज्य. तिथे हैदराबादचा हाली रुपया. हाली म्हणजे चालू, प्रचारातला. बराच लांबवर ही नदीच दोन राज्यांची शीव होती, आणि शिवेवर राहणाऱ्या माणसाला आठवड्याच्या बाजारालासुद्धा दोन नाण्यांचा हिशेब डोक्यात ठेवावा लागे.

दोन्हींना नाव रुपया, पण किंमत एक नव्हे. १९५० साली सरकारने जो दर कायम केला तो असा, की सात हाली बरोबर सहा कलदार. म्हणजे शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. त्याआधी हा भाव थोडाफार वरखाली होई. सराफ नाणे बदलून देताना आपला बट्टा कापून घेई, तो निराळाच. पुढे १९५१ पासून हाली रुपया नव्याने काढणे बंद झाले आणि १९५९ साली तो कायमचा चलनातून गेला.

आता असे समजा, की नदीपलीकडचा एक माणूस हंगामात वऱ्हाडात कापूस वेचायला आला आणि साठ कलदार गाठीला बांधून घरी परतला. सराफाने बट्टा कापला नाही असे क्षणभर धरू. त्याच्या हाती सत्तर हाली पडले. साठाचे सत्तर झाले! पण तो दहा रुपयांनी श्रीमंत झाला काय? झाला नाही. कारण त्याच्या गावी ज्वारीचा भावही हालीतच होता. त्या सत्तर रुपयांत किती पायल्या ज्वारी आली, एवढाच त्याच्या बायकोच्या दृष्टीने खरा हिशेब. पैशाचा आकडा फुगला म्हणून धान्याचे पोते फुगत नाही.

हे जुने प्रकरण आज सांगण्याचे कारण काय, असे तुम्ही विचाराल. कारण असे, की हाली गेला तरी तो हिशेब गेला नाही. तो पैनगंगेवरून उठला आणि समुद्रापलीकडे गेला. आज आपल्या जिल्ह्यातली माणसे दुबईत आहेत, मस्कतला आहेत, सौदी अरबस्तानात आहेत. कोणी गवंडी, कोणी वाहनचालक, कोणी वीजतंत्री. कोणाची मुलगी अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत, कोणाचा मुलगा जर्मनीत शिकायला. रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ या सालासाठी केलेल्या पाहणीत परदेशातून भारतात आलेल्या पैशापैकी सर्वांत मोठा वाटा, म्हणजे शेकडा साडेवीस, महाराष्ट्राचा निघाला. केरळ त्याच्या किंचित मागे. आता यातला पुष्कळ पैसा मुंबई-पुण्याच्याच बँकांत उतरत असणार. राज्याचा आकडा मोठा म्हणून वाशीम जिल्हा न्हाऊन निघाला असे नव्हे. तरीपण ज्या घरात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दिरहमांचे रुपये होऊन येतात, त्या घराला हा विषय आकाशातला नाही. तो चुलीपाशी आलेला आहे.

एका देशाच्या नाण्याचा दुसऱ्या देशाच्या नाण्यात जो भाव होतो, त्याला जुन्या मराठीत हुंडणावळ म्हणतात. वर्तमानपत्रे विनिमय दर लिहितात. मला जुना शब्द बरा वाटतो. त्यात हुंडी आहे, पेढी आहे, आणि मधला माणूस काहीतरी घेतो ही आठवणही आहे.

ही हुंडणावळ हलते का? वाशीमच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव सकाळी एक आणि दुपारी एक होतो तो का, तेच याचे उत्तर. माल थोडा आणि गिऱ्हाईक फार, की भाव चढतो. डॉलर हा इथे माल. आपल्याला खनिज तेल बाहेरून घ्यावे लागते, त्याचे पैसे मुख्यतः डॉलरमध्ये द्यावे लागतात. तेल महागले की डॉलरची मागणी वाढते. परदेशी गुंतवणूकदार आपल्या शेअरबाजारातून पैसा काढून नेऊ लागले, की तेही डॉलरच मागतात. मग डॉलर चढतो, म्हणजेच रुपया उतरतो. १९६६ च्या ६ जूनला सरकारनेच रुपयाची किंमत कमी केली. आदल्या दिवशी डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत, त्या दिवसापासून साडेसात पडू लागले. १९९१ च्या जुलैमध्ये पुन्हा दोन पायऱ्यांनी रुपया उतरवला. १९९३ च्या मार्चपासून मात्र भाव ठरवण्याचे काम बाजाराकडे गेले. तेव्हा डॉलर ३१ रुपये ३७ पैसे होता. २०२२ च्या जुलैत त्याने ऐंशीची रेषा गाठली. रिझर्व्ह बँक मधूनमधून डॉलर विकून किंवा घेऊन उसळी आवरते, पण भाव बांधून देत नाही.

आखातातली गोष्ट थोडी निराळी आहे आणि ती तिकडे माणूस असलेल्या प्रत्येक घराने समजून घेतली पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. सौदीचा रियाल १९८६ पासून पावणेचारास एक डॉलर. तेव्हा दुबईतला मुलगा फोनवर सांगतो, ‘बाबा, दिरहम वाढला,’ तेव्हा दिरहम आपल्या जागीच असतो. हललेला असतो तो आपला रुपया. डॉलर साठ रुपये असताना दिरहम १६ रुपये ३४ पैशांचा होतो, आणि डॉलर ऐंशी झाला की २१ रुपये ७८ पैशांचा. मुलाने दरमहा १,५०० दिरहम पाठवले तर पहिल्या भावाने घरी सुमारे साडेचोवीस हजार येतील, दुसऱ्या भावाने बत्तीस हजार सातशेच्या आसपास. मुलाचे कष्ट तेवढेच, ऊन तेवढेच, पगार तेवढाच.

गंमत अशी, की एकेकाळी आखातात आपलाच रुपया चालत असे. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत, सगळीकडे. त्या रुपयांतून सोने विकत घेऊन ते चोरून भारतात आणण्याचा धंदा फोफावला आणि आपली परकीय गंगाजळी आटू लागली, तेव्हा १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये आपापले दिनार सुरू केले. मग १९६६ चे अवमूल्यन आले. ५ जूनला हजार रुपयांत २१० डॉलर मिळत होते, दुसऱ्या दिवशी १३३. कतार आणि दुबईकडच्या राज्यांनी लगेच रुपयाचा हात सोडला. त्यांचा दोष नाही. परक्याच्या नाण्यात आपली पुंजी ठेवणे म्हणजे काय, ते त्यांना एका रात्रीत कळले.

इथवर ऐकून एखाद्याला वाटेल, की रुपया उतरला म्हणजे परदेशी माणूस असलेल्या घराची दिवाळीच. एका अंगाने खरे आहे. पण तो नदीपलीकडचा कापूसवेच्या विसरू नका. रुपया उतरतो तेव्हा डिझेल महागण्याकडे कल असतो. बाहेरून येणारे खत आणि खाण्याचे तेल यांचेही तसेच. बत्तीस हजार सातशे आले, पण नांगरटीचे भाडे आणि तेलाचा डबा यांनी त्यातले किती खाल्ले, ते वजा करून मग काय ते बोलावे. आणि ज्या शेजाऱ्याच्या घरी दिरहम येत नाही, त्याला नुसती महागाईच येते.

हा मुद्दा आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने फार बारकाईने मांडला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली लंडनला छापला गेला. लंडनच्या अर्थशास्त्राच्या शाळेतला तो त्यांचा प्रबंध. रुपया स्वस्त झाल्याने जो नफा दिसतो तो साऱ्या देशाचा नफा नव्हे. तो देशातल्या एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात जातो, आणि मजुरी जिथल्या तिथे राहून वस्तू महागल्या की तोटा मजुराचा होतो, हा त्यांच्या विवेचनातला एक मोठा धागा. शिक्षकबंधूंनी वरच्या वर्गातल्या मुलांना हे जरूर सांगावे. आंबेडकरांची राज्यघटना मुलांना ठाऊक असते, रुपया ठाऊक नसतो.

त्याच काळातली दुसरी एक हकीकत उलट्या बाजूची आहे. तेव्हा परमुलखात नोकरी करून घरी पैसे पाठवणारे लोक म्हणजे आपल्याकडचे गोरे साहेब. वाशीम हा त्या वेळी वऱ्हाडातला एक जिल्हाच होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला, आणि आपला आजचा जिल्हा १९९८ साली पुन्हा झाला. तर या साहेबांना पगार मिळे रुपयांत, आणि बायकामुले विलायतेत, त्यांना धाडायचे पौंड. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. जर्मनीसारख्या देशांनी चांदी सोडून सोन्याचे नाणे धरले, चांदी जगात स्वस्त झाली, आणि १८९३ च्या सुमारास रुपया सव्वा शिलिंगापर्यंत घसरला. चारशे रुपये घरी धाडणाऱ्या साहेबाच्या बायकोला पूर्वी चाळीस पौंड मिळत, ते आता पंचवीसच. साहेब लोकांनी ओरड केली. सरकारने १८९३ मध्ये त्यांना हुंडणावळीची भरपाई म्हणून खास भत्ता मंजूर केला. तो भत्ता आला कोठून? हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे सारा भरणाऱ्या रयतेकडून. दुबईतल्या आपल्या गवंड्याला असा भत्ता कोणी देत नाही. रुपया वधारला तर त्याचा तोटा त्यालाच सोसावा लागतो.

आणि रुपया वधारतोही, हे लक्षात ठेवा. लोक समजतात की तो फक्त खालीच जातो. २००२ साली डॉलर ४८-४९ रुपयांना होता. २००८ च्या आरंभी तो ३९-४० वर आला. पाचशे डॉलरचे आधी चोवीस हजार होत होते, त्याचे साडेएकोणीस हजार झाले. ज्यांनी डॉलर चढेल म्हणून पैसा तिकडेच दाबून ठेवला होता, ते पाच वर्षे वाट पाहत बसले. आणि मग वर्षभरातच, २००९ च्या मार्चपर्यंत, तो पन्नाशीच्या वर गेला! याचा अंदाज मोठमोठ्या बँकांना येत नाही, तिथे तुम्हीआम्ही कोण?

म्हणून मला त्या फोनवरच्या संभाषणाबद्दल बोलायचे आहे. ते अनेक घरांत होते. मे महिना संपत आलेला असतो. मुलगा तिकडून म्हणतो, ‘बाबा, जरा थांबा, भाव अजून चढणार आहे असं इथं सगळे म्हणतात. दोन-तीन महिन्यांनी पाठवतो, चार पैसे जास्त येतील.’ आणि इकडून बाप म्हणतो, ‘अरे बाप्पा, मिरग काही तुह्या भावासाठी थांबत नाही.’

बापाचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते गणिताने दाखवता येते. समजा, बियाणे, खत, पेरणी यांना साठ हजार रुपये पाहिजेत. मुलाने पाठवले नाहीत, म्हणून बापाने सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने काढले. तीन महिन्यांचे व्याज झाले ५,४००. म्हणजे शेकडा नऊ. आता मुलाचे दिरहम थांबवून ठेवणे परवडायला दिरहमचा भाव तीन महिन्यांत शेकडा नऊ चढला पाहिजे. बावीस रुपये असेल तर चोवीसपर्यंत गेला पाहिजे. असे कधीच होत नाही असे नाही. २०१३ साली मे ते ऑगस्ट एवढ्या काळात डॉलर ५४ वरून ६८ च्या वर गेला होता. पण ते वर्ष अपवादाचे. १९९३ ते २०२२ ही २९ वर्षे धरली, तर रुपया सरासरी वर्षाला शेकडा सव्वातीनच्या हिशेबाने उतरला आहे. सावकाराचे व्याज महिन्याला तीन, आणि रुपयाची घसरण वर्षाला सव्वातीन! ज्या घरावर असले कर्ज आहे, त्या घरच्या मुलाने भावाची वाट पाहणे म्हणजे गळक्या रांजणाजवळ बसून पावसाची वाट पाहणे होय. आधी कर्ज फेडावे. बँकेचे पीककर्ज असेल तर व्याज पुष्कळ कमी, तिथे घाई नाही; पण तेही मुदतीत फिरवावे.

ज्यांच्यावर कर्ज नाही, त्यांनी काय करावे? दर महिन्याला ठरावीक रक्कम ठरावीक तारखेला पाठवावी. कधी भाव चांगला मिळेल, कधी कमी. वर्षाअखेर सरासरी मिळेल. सगळी तुरीची पोती एकाच दिवशी न विकता टप्प्याटप्प्याने विकणारा शेतकरी हेच करतो.

आता याची दुसरी बाजू. पैसा नेहमी तिकडून इकडेच येतो असे नाही. शिकायला गेलेल्या मुलामुलींच्या घरून तो इकडून तिकडे जातो, आणि तिथे सगळे फासे उलटे पडतात. त्याच २०१३ सालचे उदाहरण घ्या. वीस हजार डॉलर फी भरायची आहे. मे महिन्यात भरली असती तर १० लाख ८० हजार लागले असते. ऑगस्टअखेर ६८ च्या भावाने १३ लाख ६० हजार. तीन महिन्यांत दोन लाख ऐंशी हजारांचा फरक. कोरडवाहू शेती असलेल्या, किंवा शिक्षकाच्या पगारावर चालणाऱ्या घराला हा फरक म्हणजे लग्नाचा खर्च झाला. बँकेचे कर्ज रुपयांत ठरावीक मंजूर झालेले, फी डॉलरमध्ये. मधला खड्डा भरायला मग दागिने निघतात.

म्हणून मुलीचा प्रवेश परदेशात ठरला, तर पालकांनी पहिल्या दिवशीच एक गोष्ट करावी. आजच्या भावाने हिशेब करून झाल्यावर, त्यावर शेकडा दहा-पंधरा जास्त धरून मग कर्जाचा अर्ज करावा. पुरणार नसेल, तर ते निघण्याआधी कळलेले बरे. मुलगी शिकून तिकडेच नोकरीला लागली, तर रुपयातले कर्ज डॉलरमधून फेडताना उतरता रुपया तिला मदतच करील. पण ती परत आली, किंवा नोकरी लांबली, तर ते कर्ज इथल्या पगारातून फेडायचे आहे, हेही आधी बोलून घ्यावे. ज्या नाण्यात कमाई, त्याच नाण्यात देणे असले म्हणजे झोप लागते. नाणी दोन झाली, की भावाकडे लक्ष ठेवणे आले.

आता बट्ट्याकडे येतो. हाली बदलताना सराफ बट्टा कापी, तो समोर दिसे. आजचा बट्टा दिसत नाही, तो भावातच मिसळलेला असतो. वर्तमानपत्रात जो भाव छापतात तो बँकांच्या आपसातल्या मोठ्या व्यवहाराचा. तुमच्या मुलाला तो कधीच मिळत नाही. दुकानाच्या पाटीवर लिहिलेले असते, ‘पाठवणावळ नाही, फुकट.’ फुकट कोणी काही करीत नाही. एक उदाहरण देतो, शिक्षकांनी ते फळ्यावर घालावे. बाजारात दिरहम २२ रुपये आहे. पहिले दुकान पाठवणावळ घेत नाही, पण भाव देते २१ रुपये ७० पैसे. दुसरे वीस दिरहम पाठवणावळ घेते आणि भाव देते २१ रुपये ९० पैसे. १,५०० दिरहम घेऊन गेलात, तर पहिल्याकडून घरी ३२,५५० येतात, दुसऱ्याकडून ३२,४१२. म्हणजे पहिले बरे. पण ३,००० दिरहम असले, तर पहिल्याकडून ६५,१०० आणि दुसऱ्याकडून ६५,२६२. आता दुसरे बरे. किती दिरहमांना दोन्ही सारखी पडतील, ते मुलांना काढू द्या. उत्तर २,१९० येते.

ज्याला एवढे गणित नको, त्याने दुकानात एकच प्रश्न विचारावा: ‘मी एवढे दिरहम दिले, तर सगळे कापून शिरपूरच्या खात्यात रुपये किती पडतील?’ भाव विचारू नये, फी विचारू नये. हाती पडणारा आकडा विचारावा, आणि तोच दुसऱ्या दुकानात विचारावा. जगभराची सरासरी धरली, तर दोनशे डॉलर पाठवायला अजूनही शेकडा सहाच्या वर खर्च येतो. तो २०३० पर्यंत तीनच्या आत आणावा असे संयुक्त राष्ट्रांनी ठरवले आहे. आखातातून भारतात पाठवणे याहून स्वस्त पडते, कारण तिथे दुकानांची चढाओढ आहे. पण चढाओढीचा फायदा विचारणाऱ्यालाच मिळतो.

आणि एक तिसरा माणूस असतो. तो दुकान मांडत नाही, पावती देत नाही, भाव मात्र सगळ्यांपेक्षा चांगला देतो. मुलगा तिकडे त्याला दिरहम देतो, इकडे कोणीतरी घरी येऊन नोटा मोजून जातो. यालाच हवाला म्हणतात. परकीय चलनाच्या १९९९ च्या कायद्याने तो बेकायदा आहे, हे तर झालेच. पण नुसता कायदा सांगून माणसाला पटत नाही, म्हणून व्यवहार सांगतो. पैसे बुडाले तर तक्रार कोठे करणार? पाच वर्षे असे पैसे आले आणि मग घर बांधायला बँकेकडे कर्ज मागितले, तर मुलाची कमाई दाखवणार कशी? आणि त्या नोटा कोणाच्या कोणत्या धंद्यातून आल्या, हे तुम्हाला कधीच कळत नाही. पोलिसांनी विचारले, तर म्हातारा बाप काय उत्तर देणार? शेकडा एक-दोन रुपयांच्या लोभाने एवढे डोक्यावर घेऊ नये.

बँकेतल्या खात्यांविषयी थोडक्यात. परदेशी राहणाऱ्या माणसाने तिकडची कमाई इकडे रुपयांत ठेवण्यासाठी अनिवासी खाते काढावे, बँकेत त्याला एन.आर.ई. म्हणतात. त्याच्या व्याजावर भारतात आयकर नाही, आणि मुद्दल-व्याज दोन्ही हवे तेव्हा परत बाहेर नेता येते. इथली कमाई, म्हणजे घरभाडे, शेताचा खंड वगैरे, निराळ्या एन.आर.ओ. खात्यात जाते, त्याच्या व्याजावर कर असतो, आणि त्यातली शिल्लक बाहेर नेण्याला वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे. रुपया उतरण्याची धास्ती असेल, तर एक ते पाच वर्षांची ठेव परकीय नाण्यातच आपल्या बँकेत ठेवता येते. मुलगा परदेशी गेल्यावरही त्याचे गावचे जुने साधे खाते तसेच चालू ठेवणे हे नियमाला धरून नाही. पुष्कळ घरांत हे केलेले असते, कोणाच्या ध्यानात येत नाही. ते बँकेला सांगून बदलून घ्यावे.

शेत घेण्याचे विचारतात, म्हणून सांगतो. परदेशी राहणाऱ्या माणसाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. तेव्हा दुबईच्या पैशाने शेजारचे दोन एकर घ्यायचे असतील, तर ते मुलाच्या नावाने होणार नाही. गावी राहणाऱ्या शेतकरी बापाच्या किंवा भावाच्या नावाने होईल. आणि भावाच्या नावाने घेतलेले शेत पुढे भावाचेच असते, हेही मुलाने उमजून पैसे धाडावेत. याच्यापायी झालेली भांडणे हुंडणावळीच्या नुकसानीपेक्षा फार मोठी असतात.

शिरपूरपुरते आणखी एक. इथे अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला देशोदेशीचे यात्रेकरू येतात. कोणत्याही देवस्थानाला किंवा शाळेला परदेशातून देणगी येते, तेव्हा देणारा कोण हे पाहावे लागते. भारताचा नागरिक परदेशात राहून आपल्या बचतीतून बँकेमार्फत देतो, ते चालते. पण ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले, तो आपल्या गावचाच मुलगा असला तरी कायद्याने परदेशी देणगीदार ठरतो, आणि संस्थेला २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी असल्याशिवाय ती देणगी घेता येत नाही. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडून वर्गखोलीसाठी पैसे मागवणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे आधी पाहून घ्यावे.

शेवटी सुटीवर घरी येणाऱ्यांसाठी. येताना परकीय नोटा पाच हजार डॉलरच्या किमतीहून जास्त असतील, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश मिळून दहा हजारांहून जास्त असतील, तर विमानतळावर लिहून द्यावे लागते. लिहून दिले म्हणजे कर बसतो असे नाही, उगीच भिऊ नये. कायमचे परत आलात, तर दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. त्यावरच्या सहा महिन्यांच्या आत बँकेत द्यायच्या किंवा बदलून घ्यायच्या. बदलायच्या त्या पावती देणाऱ्या परवानाधारकाकडेच. नाण्यांना मात्र मर्यादा नाही. दिरहमची चिल्लर इथे सहसा कोणी बदलूनही देत नाही, तेव्हा ती विमानात बसण्यापूर्वी तिकडेच चहापाण्यात संपवावी, आणि दोन-चार उरलीच, तर ती शाळेत मास्तरांकडे द्यावीत. हाली आणि कलदाराचा धडा शिकवताना त्यांच्या उपयोगी पडतील.